गुडघ्याच्या वर

"आणखी जवळ! अजून एक पाऊल टाक ना, पूर्वा!"

वैजनाथने चेंडू काठीवर उचलून भिरकावला. तो पूर्वाच्या उजव्या मांडीवर बसला, ओल्या गोणपाटावर काठी हाणल्यासारखा आवाज झाला आणि ती जागीच वाकली. गोलाच्या रेषेवरच्या मुली थांबल्या. मग पूर्वा सरळ झाली, तोंडावरचा मास्क कपाळावर सरकवून हसली आणि म्हणाली, "सर, वर लागला ना? गुडघ्याच्या वर?"

"वर लागला. शाब्बास."

शाब्बास म्हणताना वैजनाथ शितोळे मैदानापलीकडच्या उसाकडे बघत होता. गेले काही आठवडे तो ही शाब्बासकी अशीच कुठेतरी दुसरीकडे बघून देत होता. तिच्या चेहऱ्याकडे बघून ती देणं त्याला जमत नव्हतं.

हॉकी न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. शॉर्ट कॉर्नर मिळाला की समोरचा संघ चेंडू मागच्या रेषेवरून आत ढकलतो, गोलासमोरच्या 'डी'च्या टोकाला तो अडवतो आणि त्यांची एक मुलगी तो गोलात भिरकावते. बचावाला गोलकीपर धरून पाच जणी. त्यांतली एक, पहिली धावणारी, चेंडू हलल्याबरोबर रेषेवरून सुटते आणि थेट त्या मारणारीच्या अंगावर जाते. काठीने चेंडू काढता आला तर उत्तमच. नाही आला, तर नियमात एक फट आहे. ती अगदी जवळ पोचली असताना चेंडू तिच्या गुडघ्याखाली लागला, तर पुन्हा शॉर्ट कॉर्नर. गुडघ्याला किंवा त्याच्या वर लागला, तर तो धोकादायक फटका ठरतो आणि चेंडू बचाव करणाऱ्यांना मिळतो. नियम करणाऱ्यांनी तो, चेंडू खेळाडूला लागू नये म्हणून केला. वैजनाथने त्याचा अर्थ असा लावला की लागायचंच असेल, तर नीट जागी लागावं.

वैजनाथ मांजरी गावातल्या एका शाळेत पीटीचा सर होता. सकाळी प्रार्थनेला सावधान-विश्राम, दुपारी आठवीच्या टवाळ पोरांना मैदानाला फेऱ्या आणि संध्याकाळी मुळामुठा हॉकी क्लब. स्वतः तो विद्यापीठाकडून हाफबॅक खेळला होता आणि राज्याच्या निवड चाचणीतून परत आला होता. घरातल्या कपाटात त्याच्या सहभागाच्या प्रमाणपत्रांची चळत होती. जिंकल्याचं एकही नव्हतं. ही गोष्ट तो विनोद करून सांगायचा आणि सांगून झाल्यावर एकटाच हसायचा.

यंदा क्लबची अगदीच रया गेली होती. मोठ्या मुली खराडीच्या कंपन्यांत लागल्या, दोघींची लग्नं झाली, जुनी गोलकीपर बंगळुरूला गेली. उरल्या त्या नवख्या. शहराच्या लीगमध्ये सुरुवातीचे सगळे सामने त्या हरल्या, तेही असे की पिंपरीच्या टर्फ मैदानावर एक पेन्शनर गृहस्थ कुंपणाशी येऊन म्हणाले, "अहो मास्तर, गोलाला जाळी कशाला लावता? दार लावा. निदान समोरच्यांना वाजवून तरी यावं लागेल."

तेव्हा पहिली धावायची ती शेफाली घुले. संघाची कॅप्टन, सगळ्यांत वेगवान आणि काठीही तिचीच उत्तम. दुसऱ्याच सामन्यात तिला पोटरीवर चेंडू लागला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील हिंदुराव मैदानात गाडी घालून आले. क्लबचे अध्यक्ष तेच. बस त्यांची, काठ्या त्यांच्या, सामन्यानंतरचा नाश्ताही त्यांचाच.

"मास्तर, माजी पोरगी हाय ती. पानी आडवायचा बांध न्हाई," हिंदुराव म्हणाले. "उद्या पाय मोडला, तर काय तुमी निस्तरनार हाय का? दुसऱ्या कुनाला बी पुडं करा."

वैजनाथ "बरं" म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि ते एवढंच पुढे त्याच्या छातीवर येऊन बसलं.

त्याने पूर्वा ओव्हाळला पुढे केलं. ती वेगात दुसरीसुद्धा नव्हती, चौथी होती. पण तिच्याकडून कुणी मैदानात गाडी घालून येणार नव्हतं. विहारासमोरच्या गल्लीतले ओव्हाळ. वडील भीमराव कात्रजच्या पोस्टात कारकून, आई चंपाबाई सरकारी दवाखान्यात नर्स. शिक्षकाशी बोलताना भीमराव हेल्मेट काढून हातात धरायचे. मांजरीत कुणाचा आवाज चढतो आणि कुणी चढवत नाही, हे तिथे वाढलेल्याला शिकवावं लागत नाही. वैजनाथही तिथेच वाढला होता. हे सगळं त्याने स्वतःशीसुद्धा कधी पुरतं म्हटलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मग संघ जिंकायला लागला. आधी एक बरोबरी, मग एक विजय, मग विजयांची सवयच. शॉर्ट कॉर्नरवर गोल बसेनासे झाल्यावर मुलींच्या अंगात जीव आला. गोलकीपर ओरडायला शिकली, पुढच्या मुली धीराने चढाई करू लागल्या. लोक वैजनाथला विचारायचे, सर, काय जादू केलीत? तो म्हणायचा, शिस्त. जादू एका पोरीच्या उजव्या मांडीवर निळी-हिरवी होऊन पसरली होती आणि ती पोर त्यावर खूश होती, कारण सरांनी तिला जागा दिली होती.

त्या संध्याकाळी सराव संपता संपता भीमराव आणि चंपाबाई दोघं स्कूटरवरून आले. हातात डेअरीच्या पेढ्यांचा पुडा.

"सर, जिल्ह्याच्या शिबिराला नाव आलं तिचं," भीमराव म्हणाले. "तुमच्यामुळे. एवढ्या मुलींमधून तुम्ही सगळ्यात अवघड जागा आमच्या मुलीवर सोपवलीत. आम्ही घरी रोज बोलतो यावर."

वैजनाथने पेढा घेतला. तोंडात टाकला.

"एकच विचारायचं होतं," चंपाबाई म्हणाल्या. "झोपेत त्या कुशीवर वळली की कण्हते ती. मी पाय बघायला गेले तर म्हणते, हॉकी आहे आई, सारीपाट नाही. तुम्ही बघता ना सर तिच्याकडे?"

"बघतो ना," वैजनाथ म्हणाला.

"मग झालं," चंपाबाई म्हणाल्या. आणि त्यांचं खरंच झालं, चेहऱ्यावरची काळजी उतरली. वैजनाथला वाटलं, या बाईने दोन शिव्या घातल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी लीगचा शेवटचा सामना होता. जिंकलं तर वरच्या गटात राहायचं, नाहीतर खाली. बसमध्ये वैजनाथ शेफालीच्या शेजारी जाऊन बसला.

"आज शॉर्ट कॉर्नरला तू पहिली धावशील?"

शेफालीने कानातला इअरफोन काढला. "सर, मी कधी नाही म्हटलं? पप्पा नाही म्हणाले. तुम्ही मला विचारलंच नाहीत."

"पप्पा आज येणारेत बघायला."

"येऊ देत ना. चिल, सर. ते फक्त ओरडतात. मी घरी रोज ऐकते, मला काही झालंय का?" तिने आवाज खाली आणला. "पूर्वाची मांडी बघितलीय तुम्ही? आम्ही चेंजिंग रूममध्ये बघितली. ती दाखवत नाही कुणाला."

आता ठरलं, असं वैजनाथने मनाशी म्हटलं. पूर्वाला सामन्याआधी सांगायचं. पण बस पोचली, टर्फवर पाण्याचे फवारे सुरू झाले, मुली गोल करून उभ्या राहिल्या, आणि त्याने सांगितलं नाही. सामना सुरू झाल्यावर लगेचच विरुद्ध संघाला शॉर्ट कॉर्नर मिळाला. पूर्वा सवयीने मास्क लावून रेषेवर जाऊन उभी राहिली. वैजनाथने तोंड उघडलं. हिंदुराव मागच्या पायऱ्यांवर बसले होते, बाजूला त्यांचे दोन दोस्त. अजून गोल शून्य-शून्य होते. त्याने तोंड मिटलं.

चेंडू तिला त्याच जागी लागला. पंचांनी हात मुळामुठाच्या बाजूने केला, मुलींनी जल्लोष केला आणि पूर्वा लंगडत लंगडत जागेवर परतताना बेंचकडे बघून अंगठा दाखवून गेली. पायऱ्यांवर भीमराव उभे राहून टाळ्या वाजवत होते. चंपाबाई बसून होत्या, दोन्ही हात मांडीत धरून. वैजनाथला स्वतःची शिसारी आली. जुनं पाप माणूस विसरू शकतो; हे त्याने कालचा पेढा पोटात असताना केलं होतं.

शेवटच्या मिनिटांत आपले दोन, त्यांचा एक असा सामना आला आणि पुन्हा शॉर्ट कॉर्नर झाला. पूर्वाने मास्क उचलला. तिला आता पाय नीट टेकवता येत नव्हता.

"शेफाली पहिली!" वैजनाथ ओरडला. "पूर्वा, गोलपोस्टवर थांब!"

"सर?" पूर्वा म्हणाली.

"पोस्टवर!"

मागून हिंदुराव गरजले, "मास्तर! काय ठरलं हुतं आपलं?"

वैजनाथने मागे बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या माणसाकडे पाठ केली होती, आणि त्यात धैर्य फारसं नव्हतं.

चेंडू आत आला. शेफाली सुटली. ती सरळ अंगावर गेलीच नाही. जरा बाजूने, काठी टर्फला घासून खाली धरून गेली, आणि मारणारीने चेंडू सोडला तेव्हा शेफालीची काठी त्याच्या वाटेवर आधीच होती. टक् असा स्वच्छ आवाज झाला. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला. कुणालाही कुठेही लागला नाही.

थोड्या वेळाने भोंगा वाजला. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, गोलकीपर पॅडसकट नाचली. हिंदुराव खाली उतरून आले आणि वैजनाथच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बगितलं का? रक्त कुनाचं हाय! चला, आज मिसळ माज्याकडनं. आन् पुडच्या सालापास्नं हीच धावंल, काय?"

वैजनाथ मान हलवत राहिला. वरच्या गटात राहिलो होतो. हंगाम फिरला होता. आणि तो टक् आवाज त्याच्या कानातून जात नव्हता. हे असं करता येत होतं. पहिल्यापासून येत होतं. त्या पोरीने खाल्लेला एकही चेंडू खायची गरज नव्हती. एका माणसाला एकदा "नाही" म्हणायची गरज होती.

"सर."

पूर्वा समोर उभी होती. मास्क अजून हातातच होता. "माझं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं."

"मग मला का काढलं? मी पोचले असते सर. पायाचं काही नव्हतं. शेवटचाच तर होता." तिने मास्क दुसऱ्या हातात घेतला. "सगळा सीझन मी धावले आणि जिंकायच्या वेळी..."

चंपाबाई आल्या, तिला दंडाला धरून पायऱ्यांकडे घेऊन गेल्या आणि पिशवीतून बर्फाची थैली काढली. भीमराव तिथेच थांबले. हेल्मेट हातात.

"लहान आहे अजून," ते म्हणाले. "तुम्ही काही विचार करूनच केलं असणार, सर. तिला समजावतो मी."

इथे गप्प बसता आलं असतं. भीमरावांनी विषयाचं दार स्वतःच लावून घेतलं होतं. वैजनाथने त्यांना पार्किंगच्या कोपऱ्यात नेलं.

"शेफालीला लागलं तेव्हा तिचे वडील मैदानात भांडायला आले," तो म्हणाला. "तुम्ही येणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून पूर्वाला पुढं केलं. ती चांगली होती म्हणून नाही. चेंडू अंगावर घ्यायलाही मीच शिकवलं. आज शेफालीनं केलं ते मी पूर्वाला शिकवू शकलो असतो. शिकवलं नाही, कारण हे झटपट होत होतं."

भीमराव हेल्मेटच्या पट्ट्याकडे बघत होते. मागे मिसळीसाठी मुलींना बसमध्ये बोलावणाऱ्या हाका चालू होत्या.

"भांडता आम्हालाही येतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पोस्टात युनियनकडून साहेबांशी मीच भांडतो. तुमच्याशी भांडावं लागेल, असं वाटलं नव्हतं."

भीमरावांनी आता मान वर केली.

"काल पेढे घेतलेत तेव्हाही हे माहीत होतं तुम्हाला."

"हो."

"मी हे तिला सांगू शकणार नाही," भीमराव म्हणाले. "चुकलं नाही तर काढलं का, एवढंच ती विचारतेय. ते तुम्ही सांगा. सगळं सांगा. त्यानंतर खेळायचं की नाही, ते ती ठरवेल. आम्ही नाही सांगणार."

या वेळी ते त्याला सर म्हणाले नाहीत.

वैजनाथ पायऱ्यांकडे निघाला. पूर्वा खालच्या पायरीवर उजवा पाय लांब सोडून बसली होती. चंपाबाई मांडीवर बर्फ धरून होत्या. निळ्या कडा थैलीच्या बाहेरपर्यंत आल्या होत्या. वैजनाथने या वेळी नजर वळवली नाही. पहिलं वाक्य कोणतं, हे तो चालता चालता जुळवत होता.

त्याला येताना बघून पूर्वाने डोळे पुसले आणि आईचा हात बाजूला केला.

"बस, बस," वैजनाथ म्हणाला.

पण सर आले की उठायचं असतं. ती कठड्याला धरून, त्याच पायावर, उभी राहिली होती.