सीझरचं कूळ

आमच्या बैठकीत देवांच्या तसबिरींशेजारी कुत्र्याची वंशावळ टांगलेली होती. काचेत, सोनेरी चौकटीत. सीझरचा बाप, बापाचा बाप, आईचा आजा, सगळी इंग्रजी नावं, आणि त्यातली अर्धी मंडळी तर समुद्रापलीकडची. माझ्या सासऱ्यांचा फोटो मात्र दाराआड होता. पाहुणा आला की आमचे हे आधी वंशावळ दाखवायचे, मग कुत्रा, आणि मग आत चहा सांगायचे. चहा करणारी कोण, हे दाखवायची कधी गरज पडली नाही.

आमचे हे म्हणजे प्रभाकरराव, कालव्याच्या खात्यात ओव्हरसियर. घर वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला, शेती वडनेरला दिरांकडे. शहात्तर साली त्यांनी नागपूरच्या एका रिटायर मेजरकडून अल्सेशियनचं पिल्लू आणलं, त्याचं नाव सीझर ठेवलं आणि त्यानंतर घरात दुसरा विषय राहिला नाही. माणूस वाईट नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, फक्त कुत्रं. पहिली काही वर्षं मी देवाचे आभारच मानले.

सीझर देखणा होता, खोटं का बोला. कान ताठ, छाती भरदार, आणि पाठ खांद्यापासून शेपटीकडे कौलारू छपरासारखी उतरत गेलेली. प्रदर्शनात या उतारालाच बक्षीस मिळतं, असं हे सांगत. ‘स्टँड’ म्हटलं की तो झोपेतूनही उठायचा, एक मागचा पाय लांब मागे टाकायचा, मान वर करायचा आणि पुतळा व्हायचा. नागपूरहून कप आला तेव्हा पेढे वाटले गेले. चालताना त्याचं मागचं धड इकडून तिकडे डुलतं, हे मला पहिल्यापासून दिसत होतं. मी म्हटलं, की हे म्हणायचे, “ते त्याची चाल हाय. राजेशाही.”

मग त्याला जोडीदारीण आली, डेझी. तीही मेजरांकडचीच. ती सीझरची सावत्र बहीण होती हे मला फार उशिरा कळलं, आणि यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डेझीला पिल्लं झाली, लोकांनी हौसेनं नेली, आणि पाच वर्षांची होता होता डेझी मागून बसली. उठायला बघायची. पुढचे पाय जोर लावायचे, मागचे फरशीवर घसरायचे, आणि मग ती माझ्याकडे असं बघायची की जणू चूक तिचीच. मी एका जुन्या लुगड्याचा पट्टा फाडला, तिच्या पोटाखालून घातला, दोन्ही टोकं हातात धरून तिचं मागचं धड उचललं आणि तिला अंगणात नेलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. हे कालव्यावर. माझी कंबर धरली ती तेव्हापासून.

ढोरांच्या दवाखान्यातल्या बापूराव डॉक्टरांनी एका ओळखीच्या ठिकाणी तिचा एक्सरे काढून घेतला आणि मला उजेडात धरून दाखवला.

“वहिनी, हा मांडीच्या हाडाचा गोळा अन् ही खोबण. खोबण उथळ हाय, गोळा बसतच नाई तिच्यात. हे रक्तातून येते. सायेबाले सांगा, हे घराणं आता पुढं वाढवू नका.”

मी सांगितलं. हे म्हणाले, “ढोराच्या डॉक्टरले जातिवंत कुत्र्यातलं काय समजते?” डेझी पावसाळ्यात गेली. तिची पोर लायका घरी राहिली, सीझरची मुलगी. लायकाच्या पाठचा एक भाऊ, राजा, आर्वीला माझ्या थोरल्या नणंदेकडे, आनंदाबाईंकडे होता.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात आमच्या कमलाला हिंगणघाटचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घरचे लोक साधे. कमला एरवी पाहुण्यांसमोर ओठ दाबून बसणारी, त्या दिवशी मुलाच्या कुठल्याशा बोलण्यावर चक्क हसली. चहा झाला, पोहे झाले, आणि मग म्हाताऱ्या मंडळींनी विचारपूस सुरू केली. कूळ एकच निघालं. यांनी लगेच हात जोडले. कूळ एक म्हणजे रक्त एक, पोरगा-पोरगी भाऊ-बहीण झाले. किती का पिढ्या मागचं असेना. तेही लोक समजूतदार, उठून गेले. मलाही त्यात वावगं वाटलं नाही, आमच्यात तशी रीतच आहे. कमला कपबशा विसळत बसली. खूप वेळ विसळत बसली.

त्याच आठवड्यात लायका माजावर आली. जेवता जेवता हे म्हणाले, की तिला सीझर लावायचा.

“तिचा बाप हाय तो,” मी म्हटलं.

“मंग? त्यानंच तं लाइन पक्की होते. मेजर सायेब म्हणते, उतार असा येईन पिल्लात का पाहत राहाल.”

“परवाच कमलाचं स्थळ वापस लावलं तुमी. कूळ एक हाय म्हणून.”

“कुत्र्याले कुठं कूळ असते वं?”

मी भिंतीकडे बोट केलं. “मंग ते काय टांगून ठेवलं हाय?”

कमला ताटात बघत होती. यांचा घास हातातच राहिला. पण मला आता थांबवत नव्हतं. “वडनेरले मामाजी, तुमचे बाबा, वळू बदलवत होते ना? आपल्याच पोरीवर जाऊ नये म्हणून दुसऱ्या गावचा आणत होते. काऊन आणत होते?”

“ते ढोरं होते,” हे म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मी लायकाला मागच्या खोलीत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. घरात नवऱ्याविरुद्ध कुलूप लावायची वेळ आली, याची लाज वाटावी इतकाही जीव माझ्यात उरला नव्हता. नुसता थकवा होता. पण निदान एवढं एक होऊ द्यायचं नाही, हे मनाशी पक्कं होतं. अजून चार डेझ्या मला उचलवणार नव्हत्या, आणि त्यांची ती नजर तर नाहीच नाही.

दोन दिवसांनी आर्वीहून एसटीच्या कंडक्टरबरोबर आनंदाबाईंचा निरोप आला, की राजा उठत नाही, ये. मी किल्ली कमलाकडे दिली आणि गेले.

राजा ओसरीत पोत्यावर पडला होता. मला ओळखून त्यानं शेपटी आपटली, पण उठला नाही. दीड वर्षाचं जनावर. आनंदाबाईंना मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्या कुत्र्याला त्या भाकर कुस्करून, तूप घालून भरवत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. एक्सरे, खोबण, डेझीचं आणि सीझरचं नातं.

“मले हा दिला, तवा प्रभाकरले माईत होतं हे?”

“होतं.”

त्या काही वेळ राजाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “वर्ध्याले प्रदर्शन हाय ना त्याचं? येतो मी.”

शेतीचं प्रदर्शन दरवर्षीचंच. कापसाचे वाण, फवारणीचे पंप, बैलजोड्या. त्या साली कुत्र्यांचं रिंगण पहिल्यांदाच ठेवलं होतं आणि ते यांच्याच खटपटीनं. लाउडस्पीकरवर हे स्वतः अल्सेशियनची माहिती सांगत होते. मग माइक दुसऱ्याकडे देऊन सीझरला घेऊन रिंगणात गेले. “स्टँड!” सीझर उभा राहिला, पाय मागे, मान वर. टाळ्या पडल्या. यांचा चेहरा असा उजळला, की मला क्षणभर आमच्या लग्नातला तो चेहरा आठवला.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. दोन गडी घोंगडीची झोळी करून राजाला आणत होते, मागून डोक्यावर पदर घेतलेल्या आनंदाबाई. त्यांनी राजाला सीझरच्या शेजारी ठेववलं.

“हा तुह्या सीझरचा पोरगा, प्रभाकर,” त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण माइक जवळ होता. “याचा बी नंबर लाव. उतार पाह्य याच्या पाठीले, बापापेक्षा जास्त हाय.”

हे म्हणाले, “बाई, घरी बोलू आपण.”

“घरी तं तू आयकत नाई म्हणे.”

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “सायेब, तुमचावाला तं पळवून दाखवा एक चक्कर!” लगेच दहा तोंडांनी तेच सुरू केलं. बैल जुंपून पळवून बघणारे लोक ते, नुसतं उभं जनावर पाहून त्यांचं समाधान कसं होणार? यांना मागे फिरता येईना. त्यांनी साखळी ओढली. सीझर धावला, मागचे दोन्ही पाय एकदम उचलत, सशासारखा. अर्धं रिंगणही झालं नाही आणि तो बसला. पोरंसोरं हसली. हसणं ऐकून त्याला काय वाटलं कोण जाणे, तो धडपडत उठला आणि पाय मागे टाकून, मान वर करून उभा राहिला. त्याला तेवढंच येत होतं.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ते दोन्ही कुत्रे आणि तो माणूस, तिघांनाही उचलून घरी न्यावं असं वाटलं.

घरी आल्यावर हे बूट न काढताच खुर्चीत बसून राहिले. मी पाणी दिलं आणि म्हटलं, “झालं ते झालं. आता लायकाले तरी लावू नका.”

ते पेल्यात बघत म्हणाले, “तू आर्वीले गेलती ना. त्या दिवशीच झालं.”

आर्वीहून आल्यावर परत कमरेला खोचलेल्या किल्लीकडे माझा हात गेला. कमला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “बाबानं मांगतली आई,” ती म्हणाली. “मी काय म्हणू त्यायले?”

तिला काय बोलायचं? बापानं नाही म्हटलं तेव्हा तिनं मान खाली घातली होती, किल्ली मागितली तेव्हाही घातली. ते आम्हीच शिकवलेलं.

होळीच्या सुमारास लायकाला पाच पिल्लं झाली. गुबगुबीत, एकमेकांवर लोळणारी. बापूराव डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आत्ता काही कळायचं नाही, सायेब, वर्षभर वाट पाहा. हे रोज जमिनीवर बसून एकेक पिल्लू उलटं करून त्याच्या मांड्या चाचपत राहायचे. पिल्लू मागायला माणसं आली, मेजरांचा माणूसही आला. सगळ्यांना एकच उत्तर, “द्यायचे नाईत.” पुढे लायकाला दवाखान्यात नेऊन तिचं पिल्लं बंद करायचं ऑपरेशनही यांनीच करवून आणलं. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

एका सकाळी सीझर उठला नाही. हे त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, “स्टँड.” पुढचं धड उठलं, मागचं जमिनीलाच. परत म्हणाले. मी डेझीचा पट्टा आणला, त्याच्या पोटाखालून घातला आणि एक टोक यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोघांनी मिळून उचललं, आणि पाय जमिनीला टेकताच सीझरनं एक पाय मागे टाकला, मान वर केली आणि उभा राहिला, आमच्या हातातल्या लुगड्याच्या आधारानं. यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते. रडू मलाही येत होतं, पण एकही हात मोकळा नव्हता.

दुपारी मी ट्रंकेतून आणखी एक जुनं लुगडं काढलं आणि जमिनीवर पसरलं.

“काय करून राह्यली?” त्यांनी विचारलं.

“पट्टे फाडून राह्यली.”

“किती?”

मी दाराबाहेर बघितलं. अंगणात पाचही पिल्लं एका चपलेमागे धावत होती. ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी लुगड्याचं दुसरं टोक धरलं.