तंबोऱ्याचा चढलेला पंचम

मित्रांनो, मी एक जुना तंबोरा आहे. सोलापुरातल्या एका घरात कोपऱ्याला टेकून उभा असतो. अंगावर चादरीच्या कापडाची गवसणी.

माझा भोपळा मंगळवेढ्याच्या काळ्या रानात वाढला. कडू होता, म्हणून कुणी त्याची भाजी केली नाही. वेलीवरच वाळलो आणि मिरजेला गेलो. तिथं मला दांडी मिळाली, खुंट्या मिळाल्या, चार तारा मिळाल्या. आतून रिकामा होतो म्हणून तर वाजलो.

मला इथं आणलं मंजुनाथरावांनी. ते बंदिशी बांधतात. पण त्यांच्या बंदिशी उगवायच्या त्यांच्या पत्नीच्या, सोनालीताईंच्या गळ्यात. ताईंचं माहेर मंगळवेढ्याचं, म्हणजे माझ्याच मातीतल्या त्या. भाकरी थापताना आईकडून ऐकलेली एखादी ओवी गुणगुणायच्या. वाळत घातलेल्या तलम लुगड्यातून वारा जावा, तसा आवाज. मंजुनाथराव मला छेडत ऐकत राहायचे आणि त्या ओवीच्या एखाद्या वळणातून नवी चीज निघायची. मी कायम काळी चारला लावलेला. पेटीची ती उंच पट्टी ताईंची होती.

मग ताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज खाली आला. जाड झाला. मला तो आवडला होता, पण मला कोण विचारतंय?

“हा काय बाप्याचा आवाज,” ताई म्हणाल्या. “तुम्ही आता दुसरी कोणी गाणारी बघा.”

त्यांच्या आई, म्हाळसाबाई, ज्वारी घेऊन आल्या होत्या. “माजा काय लई नाजूक हाय व्हय? जात्यावर बसले की गोठ्यातली म्हस उठून हुबी ऱ्हायची. तरी गात हुतेच की.”

ताई हसल्या. गायल्या मात्र नाहीत. मंजुनाथरावांनाही काही सुचेना. पेटीवर बोटं ठेवायचे आणि तशीच उचलायचे. मला गवसणी चढली. आत अंधार होता, तारांवर गंज चढत होता, आणि स्वयंपाकघरातून नुसताच भाकरीचा थपथप आवाज यायचा.

एके सकाळी गवसणी निघाली. मंजुनाथरावांनी माझ्या जुन्या तारा उतरवल्या, जाड तारा चढवल्या. काळी दोनला, पार खाली मला लावलं. मला वाटलं, संपलं, आता मी ताईंचा राहिलो नाही. तीन तारा छान लागल्या. पहिली, पंचमाची, त्यांनी सुराच्या किंचित वर, चढी ठेवली आणि छेडत बसले.

स्वयंपाकघरातली थपथप थांबली.

“अहो, पंचम चढलाय.”

“कुठं? बरोबर आहे की.”

“चढलाय म्हणते ना.”

“मला तर लागलेला वाटतोय.”

“कान कुठं ठेवून आलात?”

पिठाचे हात पदराला पुसत ताई आल्या आणि माझी खुंटी धरली. मित्रांनो, तंबोरा लावायचा तर तोंडानं ‘सा’ धरावा लागतो. ताईंनी धरला. त्यांच्या ध्यानातही आलं नाही. रुंद, उबदार, खालचा ‘सा’. माझ्या तारा त्याला जाऊन मिळाल्या. पंचम लागला, तरी ताई थांबल्या नाहीत. त्या ‘सा’वरूनच आईची ओवी निघाली, जात्याच्या घरघरीसारखी सावकाश. मंजुनाथरावांनी डोळे मिटले. त्यांची बोटं गुडघ्यावर मात्रा मोजू लागली.

करपल्याचा वास आला.

“मुद्दाम चढवला होता ना?” ताईंनी विचारलं.

“आधी भाकरी बघ.”

दोघांनी ती करपलेली भाकरी खाल्ली. दिवस मावळायच्या आत नवी बंदिश तयार होती, काळी दोनची.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याची धूळ पुसा. आणि घरातल्या कुणाचा आवाज उतरला असेल, तर त्याला जुन्या पट्टीत ओढत बसू नका. तारा बदला.

हल्ली ताई आधी तवा उतरवतात, मग माझ्यापाशी येतात.