आडवा नाग, उभा नाग

“गेला! नाग गेला!” ओरडत शामराव पडद्याआडून बाहेर आला, आणि गाळ्यात दाटीवाटीनं बसलेल्यांनी फणिनाथबाबांचा असा जयजयकार केला की फळीवरच्या ट्रंका हादरल्या.

एका कोकणी गावच्या गिरणी कामगारांनी भाड्यानं घेतलेली ती लालबागची खोली. एरवी तिथं मोर्च्याची तयारी चाले. आज चमत्कार होता. पडद्याआड विणकर गणपत उताणा पडला होता. त्याच्या डाव्या अंडाच्या वर, कातडीखाली, गांडुळांची पुरचुंडी भरावी तशी सूज होती. बाबांनी तिला नाव दिलं, नागाचं वेटोळं. गेल्या जन्मी मारलेला नाग! म्हणून पाळणा हलत नाही.

बाबांनी गणपतचे पाय पाटावर ठेवले, लिंबू फिरवलं, फूत्कार टाकला. सूज गायब. शामरावानं चाचपून खात्री केली. तो त्या गावच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याचा हात म्हणजे सरकारी शिक्का.

“पहाटेपर्यंत उठायचं नाही. आणि उठल्यावर बायकोची सावली पडली, तर मी जबाबदार नाही!” बाबांनी बजावलं.

दर वेळी नाग गेला की चौघं जण गणपतला फळीवर घालून खांद्यावरून चाळीत पोचवत. रस्त्यावरची माणसं प्रेत समजून हळहळत टोप्या काढत.

गाळ्याच्या दारात उभी असलेली गणपतची बायको अंबिका हा सोहळा तिसऱ्यांदा पाहत होती. दोनदा रविवारी नाग गेला, दोनदा सोमवारी परत आला. दिवसभर मागावर उभा राहून गणपत घरी आला की नाग हजर. दोष सावलीचा. एका खोलीच्या संसारात बाईनं सावली ठेवायची कुठं?

आज बाबांनी निकालच दिला. “आता मूल झालं नाही, तर बाई वांझ.”

सासू राधाबाई टपलेलीच होती. “हिका गावाक धाडतंय. दुसरी चेडू बघून ठेवलंय. माझ्या झिलात, ह्या गणपतात, खोट नाय.”

“मावशी, कायद्यानं दुसरं लग्न चालत नाही हां,” शामराव चाचरला.

“कायदो मुंबैत. गावात कोण इचारता?”

अंबिका परळच्या इस्पितळात जाऊन आली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुझं सगळं ठीक आहे, नवऱ्याला आण. पण संयुक्त महाराष्ट्रासाठी पोलिसांच्या लाठ्या खाणारा हा वाघ डॉक्टरचं नाव काढताच मोरीत शिरला. शेवटी तिनं एकटीनंच सर्जनला गाठलं. नवऱ्याची सूज ऐकून त्यांनी विचारलं होतं, “उभं राहिलं की फुगते, आडवं झालं की जाते?”

ती आता पडद्यापाशी गेली. “अहो, उठा. उभे राहा.”

“थांब, पापिणी!” बाबा किंचाळले.

“नाग गेलाय ना? मग घाबरता कशाला? अहो, उभे राहा आणि जोरात खोका. शामभावजी, हात लावून बघा.”

शामराव आत शिरला. आतून खोकल्याचा आवाज आला. मग शामरावाचा. “आयला! आला की परत!”

“बाईची सावली!” बाबा ओरडले.

“मी पडद्याबाहेर आहे, बाबा. सावली तुमच्या अंगावर पडलीय. तुमचं काही फुगलं का?”

गाळा फुटेल असा हशा झाला.

“आता झोपवा त्यांना. लिंबू नको, बाबा नको. मंत्र मी म्हणते. बे एके बे, बे दुणे चार...”

बे दाहे वीसपर्यंत शामराव ओरडला, “गेला!” तोवर बाबा चपला विसरून जिना उतरले होते.

नाग कसला! नसा फुगलेल्या. डाव्या बाजूच्या नसेला रक्त लांबवर वर चढवावं लागतं. तिच्या झडपा निकामी झाल्या की उभ्या माणसाचं रक्त खाली साचतं. आडवा झाला की ओसरतं. साचलेल्या रक्तानं ऊब वाढते आणि वीर्यातले शुक्रजंतू मरगळतात. पाणी उतारावर धावतं, एवढ्या ज्ञानावर बाबा देव झाला होता.

“उद्या गिरणीत खाडा टाकतो, इस्पितळात येतो,” गणपत पडद्याआडून पुटपुटला.

सर्जननी वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जंतू थोडे आणि सुस्त. मग शस्त्रक्रिया करून त्या नसा बांधून टाकल्या. “सुधारायला काही महिने लागतील. पुष्कळांना गुण येतो, सगळ्यांना नाही. मूल होईलच असं वचन देत नाही.”

“बाबान वचन दिल्यान हुता!” राधाबाई फणकारली.

लोकहो, इथंच शहाणे व्हा. जो छातीठोक वचन देतो, त्याच्याकडे आधी संशयानं बघा. जो ‘ठाऊक नाही’ म्हणतो, त्याला निदान तपासण्याची सवय असते. पुढं अंबिकेला मुलगी झाली. झाली नसती तरी बाबा लबाडच होता आणि अंबिका निर्दोषच.

त्या चाळीत आता कुणी सुनेला वांझ म्हटलं, की बायका एवढंच विचारतात, “झिलाला उभा करून तपासलात?”