चियोची उडी

शेततळ्याच्या काठावर सायलीच्या चपला जोडीनं ठेवलेल्या होत्या. टाचा पाण्याकडं, बोटं घराकडं. ती बांधावर उभी होती, दोन्ही हात पसरून, डोळे मिटून.

मी हाक मारली नाही. दचकून पाय सरकला तर? तळ्यात अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकवरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. अनवाणी मागून गेले आणि दंडाला धरून खसकन ओढली.

"काय करत होतीस?"

"प्रॅक्टिस."

"कशाची?"

"चियोच्या उडीची. कपिलधारला मारणारे," ती म्हणाली, जणू गॅदरिंगच्या नाचाची.

शाळेची सहल शनिवारी कपिलधारला जाणार होती. यंदा पाऊस बरा झालाय, धबधबा जोरात आहे, असं सगळे कौतुकानं सांगत होते.

चियो कोण ते आमच्या घरात मला आणि सायलीलाच ठाऊक. जपानमध्ये पन्नासेक वर्षांपूर्वी एक चित्रकथा निघाली, तिकडं त्याला मांगा म्हणतात. तिच्यावर आधी कार्टून झालं, दोन वर्षांमागं खरी माणसं घेऊन सिनेमा झाला. दोन्ही हिंदीत मोबाइलवर आहेत. मोबाइल मीच दिला होता. भाकरी थापेपर्यंत पोरगी एका जागी बसते म्हणून. चियोची आई आजारी पडते. गावातले लोक सांगतात, ज्याच्या मनात खोटं नाही त्याला धबधबा झेलतो आणि मागेल ते देतो. मग चियो कड्यावर पायताण काढून ठेवते आणि उडी मारते. कार्टूनमध्ये पाण्याचा मोठा हात होतो. सिनेमात पाणी चांदीसारखं होऊन तिला अलगद वर आणतं. आई बरी होते.

"ते खोटं असतं सायली, काढलेलं असतं."

"कार्टून काढलेलं असतं. सिनेमात खरी मुलगी होती. मी बघितलं."

सात वर्षांच्या पोरीला काँप्युटरनं पाणी कसं करतात ते सांगायला बसले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली, शहाण्या माणसानं वेड्याचं ऐकावं तशी.

मग माझ्या ध्यानात आलं की पंधरा दिवसांत ती खोटं बोललीच नव्हती. गूळ मीच खाल्ला म्हणून आपणहून सांगितलं होतं. बाईंना सांगितलं होतं की गृहपाठ मम्मीनं लिहून दिला. आणि जेवताना माझ्या सासूबाईंना, विमलबाईंना, तोंडावर म्हणाली होती, "आजी, मम्मी म्हणते तुमची भाजी खारट असते." सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, नातीचं मात्र शेजारणीपाशी कौतुक, "लई सरळ हाय आमची पोरगी." ती का सरळ झाली होती ते मला आता कळलं. ती तयारी करत होती. धबधब्याकडं काय मागणार म्हणून विचारलं तर म्हणाली, "ते सांगायचं नसतं."

अंगदला, माझ्या नवऱ्याला, दुकानात जाऊन सांगितलं. खताच्या गोण्या उतरवून घेत होता.

"मग नको पाठवू सहलीला. इतकं काय त्यात?"

"आणि शेततळं? इथून शाळेपर्यंत बिनकठड्याच्या तीन विहिरी आहेत. मी मोजल्यात."

"तू काय काय मोजायलीस दिवसभर?" तो हसला. मग माझं तोंड बघून हसू आवरलं. "संध्याकाळी जाळी बघतो शेततळ्याला."

जाळी बांधली. पण मी पोरीला किती ठिकाणी जाळी बांधणार होते?

त्या कार्टूनखाली लोकांनी लिहिलेलं वाचत बसले. एकानं लिहिलं होतं, मूळ पुस्तकात चियोचं असं होत नाही. एवढंच. मी लगेच चाकणला सोमेश्वरला, माझ्या भावाला, फोन लावला. तो जपानी कंपनीत आहे. "ताई, तू बरी आहेस ना?" म्हणाला, पण कुणाकडून तरी जुनी प्रत मागून घेतली आणि ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं दिली. गुरुवारी चौसाळ्याच्या थांब्यावर मी ती उतरवून घेतली.

सगळं जपानीत. एक अक्षर कळायचा प्रश्न नव्हता. पण धबधब्याच्या पानांवर अक्षरंच नव्हती, नुसती चित्रं. स्वयंपाकघरात उभी राहून एकेक पान उलटत गेले. आई हातात चपला धरून काठावर बसलेली. मग शांत पाणी. मग पाण्याच्या तळाशी चियो. मग पाणी उसळलेलं, चियो हवेत. मग चियो कड्यावर उभी. आणि शेवटी दोघी मायलेकी एका ताटात जेवतायत.

मागून सायलीनं कधी मान घातली होती कळलंच नाही.

"बघ! पाण्यानं वर फेकली तिला! पुस्तकात पण!" ती टाळ्या पिटत होती. "आईला परत मिळाली!"

खोटं ठरवायला मागवलं आणि पुरावा मीच घरात आणला. परवावर शनिवार.

ओसरीवरून आबांची हाक आली. आबा म्हणजे अंगदचे आजोबा, सुंदरराव. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. निजामाच्या राजवटीत चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले. हल्ली जुने कागद वाचून घ्यायला लोक लांबून त्यांच्याकडं येतात, म्हणून भिंग कायम मांडीवर.

"काय गोंधळ हाय गं? आण इकडं."

सायली पुस्तक घेऊन पळाली, मी तिच्या मागं. आबांनी ते हातात घेतलं, फिरवलं आणि दुसऱ्या बाजूनं उघडलं.

"उलटं धरलं व्हतं तुमी. बांधणी उजव्या हाताला हाय, दिसंना का? आमच्या उर्दूच्या किताबावानी."

"आबा, तुम्हाला जपानी येतं?"

"एक अक्षर न्हाई. पर सुरू कुठून हाय तेवढं कळतंय." त्यांनी भिंग लावलं, पानं चाळली, बोट टेकवलं. "ही बघ, मायलेकी जेवायल्यात. मग पोरगी डोंगरावर आली. पायताण काढलं. उडी मारली."

मला कळलं. पुढं काय आहे ते मी आत्ताच बघितलं होतं, फक्त उलट्या बाजूनं. आबांच्या हातातून पुस्तक काढून घेता आलं असतं. हात पुढं झालाही. मग मी तो मागं घेतला.

"पाण्यात खाली गेली," आबा म्हणाले.

"पुढं?"

"नुसतं पाणी."

"त्याच्या पुढं?"

"ह्या पानावर बी पाणीच हाय. हितं माय आली. तिनं चपला उचलल्या."

"चियो कुठंय?"

आबांनी पान उलटलं. कोरं होतं. "न्हाई बाळा. संपलं."

"कार्टूनमध्ये तर वर येते."

"ज्यानं पयलं काढलं त्यानं हे काढलं. मागून ज्येंनी सिनेमे केले त्येंला माया आली आसंल. पोर मारू वाटंना."

सायली रडली नाही. त्या कोऱ्या पानाकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "मम्मी, ती खोटं बोलली होती का?"

म्हणजे ही अजून हिशेब मांडत होती. चियोचं काहीतरी चुकलं असेल, मी चुकणार नाही. मी तिच्यासमोर खाली बसले.

"नाही. चियो एकदाही खोटं बोलली नव्हती. पाण्याला ते कळत नाही, सायली. कोण खरं, कोण खोटं, कोणाची आई आजारी. पाण्याला काहीच कळत नाही."

तेव्हा ती रडली. रात्री जेवली नाही. आबांनी मला विचारलं, "म्या काय वंगाळ केलं का गं?" मी नाही म्हणाले, आणि ते खरं आहे का हे मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी मी सहलीबरोबर गेले. बाईंना ते फारसं आवडलं नाही, पण बसमध्ये जागा दिली. कपिलधारला पाणी खरंच जोरात होतं. तुषार पार पायऱ्यांपर्यंत येत होते, पोरी किंचाळत भिजत होत्या. सायली भिजली नाही. तिनं माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं, नखं रुतेपर्यंत. मी डोहाकडं बघायला एक पाऊल पुढं टाकलं.

"मम्मी, मागं हो."

"अगं, लांब आहे डोह."

"मागं हो म्हणते ना! त्याला कळत नाही!"

बाजूला उभ्या बाई म्हणाल्या, "लई भित्री केलीत हो पोरगी."

"हो," मी म्हणाले.

सायली मला तिथल्या देवळाच्या बाजूला ओढत होती, सगळा जोर लावून. मी तिच्या मागं जात राहिले. पायऱ्या संपल्या, कोरडी फरशी लागली, तरी तिनं हात सोडला नाही.