दोन तरंगलेल्या बिया

माझ्या दुसरीच्या वर्गात त्या दिवशी मला खेळातून विज्ञान शिकवायचं होतं. पाण्याने भरलेला टब, मुलांनी घरून आणलेल्या वस्तू, आणि काय बुडतं, काय तरंगतं ते लिहायला छापील कागद. गौरवीने सात काजूबिया आणल्या होत्या. पाच बुडाल्या, दोन तरंगल्या. तिने तसंच लिहिलं.

वर्ग पाहायला आलेल्या मुख्याध्यापिका सुमंगलाबाईंनी त्यावर लाल फुली मारली. “बी बुडते. वरून आलेल्या उत्तरांत तसंच आहे.”

“तरंगता ती पोकळ आसता, बाई,” गौरवी म्हणाली. “आजो ती वेगळी काडता.”

“मगे आजोकच हाड शिकवूंक!” आजोबांनाच आण शिकवायला, असा टोमणा बाईंनी तिच्याच बोलीत मारला.

वर्ग खदखदून हसला. गौरवीने कागद फाटेपर्यंत खोडलं आणि ‘बुडते’ लिहिलं.

माझं डोकं तडकलं. शेजारच्या घरातून विळी आणून मी त्या दोन्ही बिया कापल्या. एकीत काहीच नव्हतं, दुसरीत सुकलेली साल. दोन्ही मी ऑफिसात जाऊन बाईंच्या टेबलावर ठेवल्या.

त्यांनी नीट पाहिलंही नाही. “मला काय ते ठाऊक नाही? आमच्याही काजूच्या बागा आहेत, टीचर. पण तपासणीला सगळे कागद सारखे लागतात.”

“मग पोरांना भिजवलंत कशाला? भरलेलेच कागद छापून आणायचे होते!”

मी वर्गात परतले, गौरवीपुढे कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, “तू पाहिलंस ते लिही.”

तिने नकारार्थी मान हलवत दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“नाका, टीचर. सगळी परत हासतली.”