क्रांती चौकात बंद पडणाऱ्या गाडीचं मनोगत

मी क्रांती चौकाच्या सिग्नलला बंद पडणारी ती लाल गाडी बोलतेय. होय, तीच. दोन दारांची, दोन माणसांची, टप उघडणारी. तुम्ही मागून वाजवलेला हॉर्न मला आठवतो, पण मी तो मनावर घेतलेला नाही.

माझा जन्म जपानातला. वाऱ्यासारखं पळावं एवढ्यासाठीच मला घडवलं होतं. किती हवेला किती पेट्रोल द्यायचं याचा हिशेब करायला माझ्या पोटात एक छोटा कम्प्युटर आहे आणि त्याच्या हुकमानं फवारे मारणारे चार इंजेक्टर. त्या काळी ही मोठी ऐट होती. मला इकडे आणलं माझ्या पहिल्या मालकांनी, आप्पासाहेबांनी. हौस दांडगी, पण त्यांच्या गावच्या रस्त्याला माझं पोट घासायचं. मग मी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेले. माझ्या टपावर कोंबड्या बसायच्या. शर्यतीच्या गाडीचा याहून मोठा अपमान मला तरी ठाऊक नाही.

तिथून मला सोडवलं विशाखानं. ती वाळूजच्या एका कारखान्यात गळती तपासणारी इंजिनीअर. धातूच्या भागात हवा कोंडायची, साबणाचं पाणी लावायचं, फुगे आले की माल नापास, हे तिचं रोजचं काम. तिनं मला उस्मानपुऱ्यातल्या घरापुढं उभं केलं तेव्हा तिची आई, केसरबाई, माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "बिनछपराची गाडी घेतली व्हय गं?" मला राग आला होता. पण त्याच संध्याकाळी ती पदरानं माझा आरसा पुसताना दिसली, तेव्हा गेला.

दुखणं माझं एकच. पळताना मी झकास. उभी राहिले की थरथरायची, आरपीएमचा काटा खाली-वर नाचायचा आणि शेवटी मी मान टाकायची. विशाखानं मला किती गॅरेज दाखवली! माणसांची एक सवय मला कधी कळली नाही. 'हिला उभं राहता येत नाही' अशी तक्रार घेऊन गेलं की मेकॅनिक आधी ॲक्सिलरेटर दाबतो. दाबला की मी छान गाते. "मॅडम, गाडी एकदम मक्खन है," असं म्हणून तो बॉनेट बंद करतो. कुणी प्लग बदलले, कुणी इंजेक्टर धुतले. एकानं तर माझी थरथर झाकायला आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन किती जोरात फिरावं ते ठरवणारा, स्क्रूच पिळून ठेवला. विशाखानं स्वतःही माझ्या दिसतील त्या सगळ्या नळ्यांना साबणाचं पाणी मारून पाहिलं. एक फुगा आला नाही. "नळ्या ओके," ती म्हणाली. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

एप्रिल आला आणि माझ्या दुखण्याला वेगळंच महत्त्व आलं. चौदा तारखेच्या जयंतीची मिरवणूक केसरबाईनं कधी चुकवली नव्हती. या घरात सून म्हणून आल्यापासून ती क्रांती चौक ते भडकल गेट चालत जायची, पांढरं लुगडं नेसून, सगळ्या बायकांच्या पुढं. यंदा गुडघ्यांनी हात टेकले होते. मंडळाच्या टेम्पोत तिला चढवेना. विशाखाचा धाकटा भाऊ आकाश म्हणाला, "आई, पैठण गेटला खुर्ची टाकतो, तिथून निवांत बघ."

"मी काय बघ्या हाय का?" केसरबाई म्हणाली. "मी मिरवणुकीतली बाई हाय. जाईन तर बाबासाहेबांच्या पुतळ्यापत्तूर जाईन, नायतर घरीच बसंन."

ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग विशाखा म्हणाली, "आई माझ्या गाडीत येईल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली. मिरवणूक म्हणजे पळणं नव्हे. चार पावलं सरकायचं आणि उभं राहायचं, पुन्हा चार पावलं आणि पुन्हा उभं. जे मला येत नव्हतं, नेमकं तेच.

"ताई, गर्दीत ही बंद पडली ना, तर मागचा डीजे आपल्याच डोक्यावर वाजंल," आकाश म्हणाला. "आणि आईला हिच्यातून उचलून काढायचं कुणी?"

तेरा तारखेला दुपारी विशाखानं शेवटचं म्हणून बॉनेट उघडलं. बसायचा सराव म्हणून केसरबाई माझ्या सीटवर टेकून बसली होती. मी चालू होते, म्हणजे हुडहुडी भरल्यासारखी कापत होते. विशाखा पुन्हा साबणाचं पाणी मारू लागली, या वेळी पार मागं, इंजिनाच्या पोटाखालच्या वाकड्या नळीपर्यंत. फुगा नाहीच. ती बाटली ठेवणार, एवढ्यात केसरबाई म्हणाली, "आत्ता कशी गप बसली गं ही? माझी मान हलायची थांबली की."

विशाखानं मान वर केली.

"परत लागली बघ थरथराया."

विशाखानं त्याच जागी पुन्हा पाणी मारलं. मी पुन्हा शांत झाले. तिनं नळीच्या मागच्या बाजूला चाचपलं, हाताला लागलेल्या चिरेवर बोट दाबलं, आणि माझा काटा जागचा हलेना. मग ती बॉनेटवर डोकं टेकून मोठमोठ्यानं हसायला लागली.

"आई, मी फुगे शोधत होते गं. कारखान्यात आम्ही हवा कोंडतो, ती बाहेर येते. ही तर आत ओढतेय, पाणी मारलं की तेवढ्यापुरती चीर बुजतेय! फुगा येईल कुठून?"

एवढंच होतं माझं दुखणं. चार माणसांचा मोजून स्वयंपाक करावा आणि मागच्या दारानं पाचवा येऊन पानावर बसावा, तशी त्या चिरेतून न मोजलेली हवा आत शिरत होती आणि पेट्रोल कमी पडत होतं. मी पळत असले की पन्नासांची पंगत, तिथं एकजण जास्त झाल्याचं कुणाला कळतंय?

आकाश बाईक काढून जाड रबरी नळी घेऊन आला. नळी बसली, क्लिपा आवळल्या आणि मी चालू होताच असा काही आवाज चढवला की आकाश दोन पावलं मागं सरकला. "काही नाही रे, तो पिळलेला स्क्रू," म्हणत विशाखानं तो उलटा फिरवला. मी हळूहळू खाली आले आणि स्थिरावले. आप्पासाहेबांच्या शेडमधून सुटल्यापासून पहिल्यांदा मी सुखानं श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टप उघडून, आरशाला निळा झेंडा बांधून मी क्रांती चौकात उभी राहिले. होय, त्याच सिग्नलला. पुढं लेझीम, मागं डीजे. चार पावलं सरकायचं आणि थांबायचं. पैठण गेटला आम्ही इतके थांबलो की शेजारचा टेम्पो तापून बंद पडला आणि पोरांनी तो ढकलत नेला. मी नाही पडले. गुलमंडीत गच्च्यांवरून फुलं पडली. केसरबाई सरबताचा पेला हातात धरून येईल त्याला "जय भीम" म्हणत होती. बायका माझ्या दाराला हात लावून तिच्या बरोबरीनं चालत होत्या. खरं सांगते, कुठल्याच शर्यतीत मला याहून मोठा मान मिळाला नसता.

भडकल गेटपाशी पुतळ्यासमोर मिरवणूक थांबली. ढोल थांबले, डीजे थांबला, वंदनेसाठी सगळे शांत झाले. केसरबाईनं हात जोडले आणि अचानक घाबरून लेकीचा दंड धरला.

"विशे, बंद पडली का गं गाडी? काहीच वाजंना झालंय."

विशाखानं आईचा हात धरून हळूच माझ्या डॅशबोर्डवर ठेवला.

"चालू आहे, आई," ती म्हणाली.