ढापण्या असं करणार नाही

मी एक जुनी वही आहे. मित्रांनो, कपाटात पडून मला वर्ष झालं, पण अजून स्वस्थ पडवत नाही. बाहेर कुणी काही चुकीचं तर लिहीत नाही ना, ही धास्ती काही जात नाही.

टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेसाठी मला आणलं होतं. त्यातला ढापण्या म्हणजे कॉम्प्युटर आणि कॉमिक्समध्ये बुडालेला तरुण. तो कशाला घाबरतो, कोणत्या भागात काय बोलला, हे माझ्यात टिपायचं काम नोंदी ठेवणाऱ्या ताईंचं. सुरुवातीला लेखकांनी त्याला नुसता जाड चष्मा दिला आणि मुलींसमोर त-त-प-प करायला लावलं. ताईंना ते पुरेना. त्यांचा धाकटा भाऊ तसाच कॉमिकवेडा होता. त्याला विचारून त्यांनी लिहिलं: कॉमिकला हात लावण्याआधी हात धुतो, पुसतो, पुन्हा धुतो. घाबरला की रॉकेटचे भाग मोजतो. ढापण्यात जीव आला. काही अडलं की सगळे म्हणत, वहीला विचारा. मी तर हवेतच होते.

पुढे मालिका गाजली, घाई वाढली आणि माझ्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. एका भागात लेखकांनी ढापण्याला डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कॉमिक सारायला लावलं. ताई म्हणाल्या, तो असं करणार नाही. लेखक म्हणाले, लोक हसले म्हणजे झालं. भाऊ दर आठवड्याला न चुकता मालिका बघायचा. घरी जाऊन त्यांनी त्याला तो प्रसंग सांगितला. तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"माझी चेष्टा कर गं, ताई," तो म्हणाला, "पण ती माझी असू दे. हा कुणी दुसराच आहे."

दुसऱ्या दिवशी तालमीत ताईंनी मला ढापण्याचं काम करणाऱ्या नटापुढे उघडून धरलं. लेखक सारखे घड्याळ बघत होते. नटाने पान वाचलं, कॉमिक छातीशी धरलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पायातला बूट काढून टेबलाखाली सारला. मग एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा, अशा थाटात त्याने अख्खा प्रसंग केला. दिवेवाले हसून बेजार झाले. लेखकांनाही हसू आवरेना. बुटाची नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यात केली.

तो भाग लागला तेव्हा मी ताईंच्या मांडीवर होते. ताई टीव्हीकडे बघतच नव्हत्या, भावाकडे बघत होत्या. बूट टेबलाखाली गेला तसा तो पोट धरधरून हसला.

"मीपण हेच केलं असतं," तो म्हणाला.

मित्रांनो, वह्या जपाच. आणि कुणाची थट्टा करायची झालीच, तर आधी त्याला दोन प्रश्न विचारा. मग तोही तुमच्याबरोबर हसेल.